कचरा त्यांचा, गांडुळं आपली?

‘कचऱ्यातून सोनं’ हे वाक्य आपल्या वस्तीत वर्षातून दोनदा तरी ऐकू येतं. एकदा ५ जूनला, पर्यावरण दिनाला, आणि एकदा २ ऑक्टोबरला. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या जातात, बचत गटाच्या बायांना बोलावलं जातं, एक साहेब येतात आणि गांडूळ खत कसं तयार करायचं ते सांगतात. फोटो निघतात. जाताना साहेब सांगतात की गावातला ओला कचरा ही तुमच्यासाठी मोठी संधी आहे. तो गोळा करा, त्याचं खत करा, विका आणि स्वावलंबी व्हा.

प्रश्न साधा आहे. हे प्रशिक्षण आपल्याच वस्तीत का?

धामणगाव रेल्वेसारख्या गावात ओला कचरा सगळ्यात जास्त कुठे निघतो? भाजीबाजारात, हॉटेलात, मंगल कार्यालयात, आणि ज्या बंगल्यांपुढे लॉन आहे, गुलाबाच्या कुंड्या आहेत, आंब्या-बदामाची झाडं आहेत तिथे. आपल्या वस्तीतल्या घरातून निघतो तो किती? भाजीचे देठ कोंबडीला, शिळी भाकर शेळीला, कागद-पुठ्ठा भंगारात. उरतं ते मुठीत मावेल एवढं. ज्याच्या घरी कचरा उरतच नाही त्याला कचऱ्याचं प्रशिक्षण, आणि ज्याच्या घरून रोज टोपलं भरून निघतं तो कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा! बंगल्यांच्या कॉलनीत असं शिबिर लागलेलं कोणी पाहिलं असेल तर मला जरूर सांगा. तिथल्या वहिनींना कोणी सांगत नाही की ताई, तुमच्या घरातल्या सालपटांचं तुम्हीच काहीतरी करा.

मी गांडूळ खताच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. उलट माझं म्हणणं त्याहून कडक आहे. ज्या घरात ओला कचरा तयार होतो त्याच घराच्या अंगणात, त्याच घरातल्या माणसांच्या हातांनी तो कुजला पाहिजे, आणि त्यासाठी गांडुळासारखं स्वस्त आणि सोपं साधन नाही. पण तेच गांडूळ आपल्या वस्तीत आणून ठेवायचं आणि साऱ्या गावाचा कचरा आपल्या बायांच्या हातांनी त्याला चारायचा, याला मी स्वावलंबन म्हणत नाही. हे नव्या नावाचं जुनं बलुतं आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी एक जुना प्रसंग सांगितला होता. महारांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं तेव्हा ‘केसरी’त कोणीतरी हिशेब मांडला की कातडं, शिंगं, खुरं, हाडं यांचं उत्पन्न बुडाल्यामुळे महारांचं दरसाल शेकड्यांनी रुपयांचं नुकसान होत आहे. म्हणजे बाबासाहेब आपल्याच लोकांच्या पोटावर पाय देत आहेत, असा त्याचा सूर. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वरून बक्षीस माझ्याकडून. पुढे कोणी ते बक्षीस घ्यायला आलं नाही. ‘कचऱ्यातून सोनं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हेच उत्तर द्यायचं आहे. सोनं आहे ना? मग घरीच ठेवा. आपलं सोनं सकाळी सकाळी घंटागाडीत टाकायला एवढी घाई कशाला?

साठ वर्षांनी गुजरातेत तेच झालं. जुलै २०१६ मध्ये उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली आणि मोर्च्यात मागणी केली ती पाच एकर जमिनीची. जमिनीचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

आता आपल्या घरातलं भांडण. हा लेख लिहायचं ठरवलं तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याशी बोलत होतो. तो म्हणाला, “दादा, आज्यानं ढोरं वढली, बापानं गटार काढलं, आता मी गांडुळं पोसू काय? मले हे पटत नाई.” तो एकटा नाही. शिकलेल्या तरुणांपैकी अनेकांना शेण, माती, उकिरडा, झाडू या शब्दांचाच तिटकारा आहे. तो कुठून आला हे मला कळतं आणि त्याचा मी आदरही करतो. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही.

१९२७ च्या महाड परिषदेत मेलेलं मांस खाणं सोडा, मेलेली ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं गेलं. ते कशाविरुद्ध होतं? जन्मानं लादलेल्या, दुसऱ्याच्या घाणीच्या कामाविरुद्ध. दुसऱ्याचं मेलेलं जनावर, दुसऱ्याचं गटार, दुसऱ्याचा संडास. जातीनं कामं वाटून दिली एवढीच बाबासाहेबांची तक्रार नव्हती. जातीनं माणसंच वाटून टाकली, एकाला घाण करण्याचा हक्क आणि दुसऱ्याला ती काढण्याचं कर्तव्य देऊन टाकलं, ही होती. स्वतःच्या घरातली घाण स्वतः काढू नका असं आपल्या परंपरेत कोणीही सांगितलेलं नाही. तसं सांगणारी परंपरा दुसरी आहे. स्वतःच्या घरच्या सालपटाला हात लावताना कमीपणा वाटू लागला की समजावं, आपण बामणवाड्याची सवय उचलली. मग आपल्या घरचा कचरा उचलणाराही कोणीतरी खालचाच शोधावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याहून गरीब आपलाच माणूस असतो. मेहतर असतो, मांग असतो, नाहीतर दूरच्या खेड्यातून आलेला आपलाच बौद्ध पोरगा.

आणि मातीशी आपलं वैर असायचं कारणच काय? महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले जीवजंतू कुजून त्यांचं सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात कसं उतरतं आणि जमीन कशी पोसते हे समजावून सांगितलं आहे. जंगल खात्याच्या कारभारानं शेतकऱ्याचं काय नुकसान केलं आणि जागोजाग बंधारे घालून ते सत्त्व कसं अडवावं, हेही त्यांनी लिहिलं. ज्या काळात शिकलेले लोक शेणामातीकडे नाक मुरडत होते त्या काळात जोतीराव कुजण्याची क्रिया राजकारणाचा विषय म्हणून मांडत होते. ही आपली परंपरा आहे.

म्हणून आधी गांडूळ काय करतं ते नीट समजून घेऊ. साहेबांच्या शिबिरात हा भाग दहा मिनिटांत उरकतात आणि मग आणलेली गांडुळं मे महिन्यात मरतात.

खतासाठी जे गांडूळ वापरतात ते पावसात वावरात दिसणारं लांब, खोल बिळात राहणारं गांडूळ नव्हे. हे बारीक, लालसर असतं, वरच्या कुजक्या पाल्यात राहतं. आयसेनिया फेटिडा हे त्यातलं सगळ्यात चालणारं. एक किलो गांडुळांत साधारण हजार-दोन हजार जीव असतात आणि त्यांना बस्तान बसलं की ती रोज अर्धा किलोच्या आसपास ओला कचरा खातात. पाच माणसांच्या घरात रोज अर्धा-पाऊण किलो भाजी-फळांचा कचरा निघतो असं धरलं, तर एका घराला एक किलो गांडुळं आणि एक जुना ड्रम पुरतो. ना मशीन, ना वीज, ना कंत्राटदार. (शेवटची गोष्ट काही लोकांना आवडत नाही.)

ड्रमच्या तळाला भोकं पाडायची, खाली विटांचे तुकडे, त्यावर नारळाची शेंडी किंवा वाळलेला पाला, सोयाबीनचं थोडं कुटार. त्यावर पंधरा-वीस दिवस जुनं, थंड झालेलं शेण. ताजं शेण घालायचं नाही. कुजताना ते तापतं आणि गांडुळं शिजून मरतात. मग गांडुळं, मग थोडा थोडा कचरा, आणि वरून ओला बारदाना. ओल किती? मूठभर घेऊन दाबलं की बोटांतून एखाद-दोन थेंब यावे, धार लागू नये. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी यासाठी पुरतं, त्यामुळे चार दिवसांआड नळ येणाऱ्या वस्तीतही हे चालतं. तेलकट उरलेलं, लोणचं, मीठ, लिंबाची सालं टाकायची नाहीत. मटणाची हाडं आणि मासळीचे काटेही टाकायचे नाहीत. यावर एका शिबिरात गुरुजींनी गांडूळ ‘सात्त्विक’ असल्याचं सांगितलं म्हणे. तसं काही नाही. मांसाच्या वासानं मुंग्या, उंदीर आणि कुत्री येतात, एवढंच कारण आहे. पऱ्हाटी आणि तुराटी बारीक केल्याशिवाय घालू नका, वर्षभर तशीच पडून राहते.

खरी परीक्षा वऱ्हाडच्या उन्हाळ्याची. पस्तीस अंशांच्या वर ही गांडुळं टिकत नाहीत आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. ड्रम कडुनिंबाखाली किंवा घराच्या उत्तरेच्या भिंतीला हवा, बारदाना दिवसातून दोनदा ओला हवा, आणि टिनाच्या छपराखाली तो अजिबात ठेवू नये. पावसाळ्यात उलटं: पाणी साचलं की गांडुळं बाहेर पळतात. हे सांभाळलं तर दीड-दोन महिन्यांत काळं, चहापत्तीसारखं मोकळं, पावसाळ्यातल्या मातीच्या वासाचं खत हातात येतं. घाण वास येत असेल तर ते खत नाही, तुमचं चुकलेलं पाणी आहे.

आता बघा, यासाठी सगळ्यात आधी काय लागतं? सावलीची जागा. ती कोणाकडे आहे? २६९ चौरस फुटांच्या घरकुलात मोरीशेजारी एक क्रेट मावतो, आणि तेवढं आपण करूच. पण ज्यांच्याकडे अंगण, झाड, सावली आणि नळ असं सगळं आहे त्यांनी आधी सुरुवात करायला काय हरकत आहे? गंमत म्हणजे त्यांच्या बागेतला पाला रोज सकाळी झाडून रस्त्याच्या कडेला ढीग लावला जातो, आणि तो पेटवणारा माणूस पगारी झाडूवाला असतो. धूर त्याच्या छातीत जातो आणि दोष त्याच्या अडाणीपणाला दिला जातो.

अमरावती जिल्ह्यातून बाहेर पडून देशभर गाजलेलं एक नाव इथे घ्यावं लागेल: सुभाष पाळेकर. बेलोऱ्याचे, झिरो बजेट शेतीचे प्रणेते, २०१६ चे पद्मश्री. रासायनिक खतांच्या कर्जातून शेतकरी बाहेर पडावा हा त्यांचा आग्रह योग्यच आहे. पण पाळेकर गांडूळ खताचे कट्टर विरोधक आहेत आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे: आयसेनिया फेटिडा हा परदेशी प्राणी, तो खरा गांडूळच नव्हे, तो जड धातू शोषतो, आपल्या मातीत त्याला स्थान नाही. खरा उपाय देशी गाय, आणि एका देशी गाईच्या शेण-मुतावर तीस एकर शेती होते.

जड धातूंचं आधी बघू. गांडुळाच्या शरीरात जड धातू साठतात हे खरं आहे. पण ते येतात त्याला जे खाऊ घालाल त्यातून. कारखान्याचा गाळ घातला तर येतील. वांग्याचे देठ आणि केळीची सालं घातली तर कुठून येणार? हा वाद विज्ञानाचा असता तर इथे संपला असता. पण तो देशी-विदेशीचा आहे. मग विचारतो: आपल्या वावरातला अमेरिकन कापूस मेक्सिकोकडचा, सोयाबीन चीनकडचं, ठेच्यातली मिरची आणि भाजीतला टमाटा अमेरिका खंडातला. हे सगळं आपलं झालं, आणि परका ठरला तो फक्त कचरा खाणारा किडा? शुद्ध रक्ताची गाय आणि अशुद्ध रक्ताचा किडा, ही भाषा आपण कुठेतरी ऐकलेली आहे. ती माणसांबद्दल ऐकलेली आहे.

आणि तीस एकर! आपल्यापैकी तीस एकर कोणाकडे आहेत? एकरभराचा तुकडा असला तरी भाऊबंदकीत वाटून गेलेला. गाय पाळायची तर चारा, पाणी, गोठा लागतो. त्यात २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे म्हाताऱ्या जनावराचं ओझं गरिबाच्याच दाराला. गांडुळाला चारा विकत घ्यावा लागत नाही, त्याच्यासाठी कोणी कोणाला रस्त्यात अडवून मारत नाही, आणि त्याच्या नावानं मतं मागता येत नाहीत. मला तर त्याची ही शेवटची अडचण हेच त्याचं मोठेपण वाटतं.

आपल्या गावाहून रेल्वेनं पुलगावच्या पुढे गेलं की वर्धा, आणि वर्ध्याला लागून सेवाग्राम. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. आश्रमात त्यांनी स्वतः संडास साफ केले, मैल्याचं खत करायला लावलं, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये त्यांनी आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला आणि त्या कामाला मोठ्या सेवेचा दर्जा दिला. १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी या गौरवावर जोरदार प्रहार केला. ज्याला ते काम सोडण्याची मुभाच नाही त्याच्यासमोर त्या कामाचे गोडवे गाणं ही त्याची क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा रोख होता. गांधीजी हवं तेव्हा झाडू उचलू शकत होते आणि हवं तेव्हा ठेवू शकत होते. मेहतराच्या पोराला ठेवण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी झाडूवाल्यांना थोर म्हटलं नाही. १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला.

इथे कोणी गाडगेबाबांचं नाव घेईल. अवश्य घ्यावं. शेंडगावचा हा परीट गावात शिरला की आधी झाडू घ्यायचा, आणि बाबा झाडताहेत म्हटल्यावर पाटील-देशमुखांनाही लाजेकाजेस्तव हात लावावा लागायचा. मग रात्री कीर्तन. बाबांचा झाडू घाण करणाऱ्याच्या हातात जाण्यासाठी होता. त्यांचं आणि बाबासाहेबांचं नातं काय होतं हे पंढरपूरची धर्मशाळा १९४९ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली यावरून कळतं. सरकारनं बाबांच्या नावानं अभियान काढलं, गावोगाव बक्षिसं दिली, आणि झाडू मात्र परत कंत्राटी कामगाराच्या हातात नेऊन ठेवला. पाटील बक्षीस घ्यायला स्टेजवर.

कायदा काय सांगतो? ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत सगळं लिहिलेलं होतं. ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्याची होती. बागेचा पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा, रस्त्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही. हॉटेलांनी आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. कामगारांना गणवेश, हातमोजे, बूट, रेनकोट, मास्क द्यायचे. नियम चांगले होते. पण घंटागाडी दारात आल्यावर बादलीत सगळं एकत्र कालवून देणाऱ्या घराला कोणी दंड करत नाही, आणि ते हातांनी निवडणारी बाई आपली असते. पॅडपासून काचेपर्यंत. या बाईच्या कामाला ‘वर्गीकरण’ असा सुंदर शब्द आहे.

पुण्याचं उदाहरण नेहमी देतात. तिथे महापालिकेनं गांडूळ खताचा प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकत करात सवलत दिली. चांगलं झालं. पण पुण्याचं खरं उदाहरण वेगळं आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित बायांनी आधी संघटना केली, ओळखपत्रं मिळवली, दारोदार कचरा नेण्याचा मोबदला ठरवून घेतला आणि मग ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनं १९९८ पासून परिसर विकास उपक्रमात कचरावेचक बायांना खतनिर्मिती आणि बागकाम शिकवलं, आणि सोसायट्यांशी करार करून कामाचा दाम घेतला. फरक लक्षात घ्या: तिथे बाई कुशल कामगार म्हणून मोबदला ठरवून जाते. आपल्याकडच्या शिबिरात ती लाभार्थी म्हणून बसते. लाभार्थ्याला पगार नसतो, पीएफ नसतो, सुट्टी नसते. खत विकलं गेलं तर पैसे, नाही तर तुमचं नशीब.

एक काटेरी मुद्दा सांगतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. तहसीलदाराच्या पोराला तहसीलदारी वारशानं मिळत नाही, झाडूवाल्याच्या पोराला झाडू मिळतो. तरीही मी या वारसा हक्काच्या बाजूनं उभा आहे, कारण आज तो काढला तर तिथे खुली भरती येणार नाही, ठेकेदार येईल. कायम नोकरी, पूर्ण पगार आणि पेन्शन असलेल्या बापाचा पोरगा शिकून बाहेर पडू शकतो. ठेकेदाराकडे राबणाऱ्याचा नाही पडत. ज्यांना आपली मुलं या कामातून बाहेर काढायची आहेत त्यांनी आधी या कामाचा पगार वाढवण्यासाठी भांडलं पाहिजे. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.

कचरा वेगळा झाला नाही, घरी जिरला नाही, की तो कुठे जातो हेही बघा. अमरावतीचा सुकळीला; त्या जागेला लोक कंपोस्ट डेपो म्हणतात. नागपूरचा भांडेवाडीला. मुंबईचा देवनारला, १९२७ पासून. महाडला आपण पाणी मागत होतो त्या सालापासून देवनारला ढीग लागतो आहे आणि त्याच्या कडेनं दलित आणि मुसलमान राहत आहेत. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो’ म्हणतात. देवनारची बारा वर्षं किती वेळा होऊन गेली?

आता जमिनीचं. समजा उद्या आपल्या वस्तीनं उत्तम खत केलं. ते टाकायचं कुठे? दादासाहेब गायकवाडांनी १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. तेव्हापासून गायरान कसणाऱ्यांचा प्रश्न आहे तिथेच आहे: १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय झाला, तरी सातबाऱ्यासाठी माणसं अजून कचेऱ्या झिजवतात. दादासाहेबांच्याच नावानं २००४ मध्ये योजना आली, भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. अर्ज करून बघा, विकत घ्यायला जमीन उपलब्ध नाही असं उत्तर येतं. रोजगार हमीतून नाडेपचे टाके आणि गांडूळ खताचे शेड मात्र मिळतात. नाडेपची पद्धतही आपल्याच शेजारची, पुसदच्या पांढरीपांडे काकांची. शेणाची बचत करणारी चांगली पद्धत आहे. पण आपापल्या गावातल्या टाक्यांत डोकावून बघा, किती टाक्यांत खत आहे आणि किती टाक्यांत सरपण. बिनजमिनीच्या माणसाला खताचं टाकं देणं म्हणजे बिनखिशाच्या माणसाला पाकीट देणं. खताचं प्रशिक्षण द्यायला जो अधिकारी येईल त्याला पहिला प्रश्न गायरानाच्या पट्ट्याचा विचारा.

दुसऱ्यांना एवढं बोललो, आता चळवळीला. १४ एप्रिलच्या रात्री पुतळ्याच्या चौथऱ्याशी हारांचा ढीग गुडघ्याएवढा असतो. १५ च्या सकाळी तो कोण उचलतो? दसऱ्याला नागपूरला लाखो माणसं येतात, रस्तोरस्ती अन्नदान होतं, मायेनं होतं. दुसऱ्या दिवशी त्या पत्रावळी कोण गोळा करतं? बाबासाहेबांच्या पुतळ्यावरचा हार उचलायला ठेकेदाराचा कामगार लागत असेल तर वर लिहिलेलं सगळं आपल्यालाही लागू आहे. याच २०१६ च्या नियमांत असंही होतं की परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर तीन दिवस आधी नगर परिषदेला कळवायचं आणि कचरा वेगळा करण्याची व्यवस्था आयोजकांनी करायची. जयंती समितीच्या बैठकीत डीजेच्या आधी हा विषय घ्या. हारातला दोरा, जरी आणि थर्माकोल वेगळा काढा, झेंडू आणि शेवंती विहाराच्या मागच्या टाक्यात घाला. झेंडू सुकवून घातला तर लवकर कुजतो. आणि हे काम महिला मंडळावर ढकलू नका. समितीचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांनी करावं, निळा फेटा बांधूनच करावं.

गावापुरती मागणीही साधी आहे: पुढचं गांडूळ खताचं शिबिर बंगल्यांच्या कॉलनीत लावा, आम्ही खुर्च्या मांडायला येतो. पण तोंडी मागणीला कोणी विचारत नाही, म्हणून माहितीचा अधिकार वापरा. नगर परिषदेला विचारा: आपल्या हद्दीत रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांची यादी आणि त्यांना ओला कचरा आवारातच जिरवण्याबद्दल दिलेल्या नोटिसांच्या प्रती. दुसरं, कायम आणि ठेकेदारी सफाई कामगारांची संख्या, त्यांच्या पीएफ भरण्याच्या पावत्या. तिसरं, गेल्या तीन वर्षांत खरेदी केलेल्या हातमोज्यांची आणि बुटांची बिलं व वाटपाची सही असलेली यादी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय चालतो आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून तीन वेगळे अर्ज करा, तीन वेगळ्या पोरांच्या नावानं. प्रत्येकी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील.